कंट्रोल शिफ्ट एम: मोबाईलवर साईट कशी दिसते ते बघायचं फुकट साधन, वर्षभर रोज वापरल्यावर

मी कराडला राहते, छोट्या धंद्यांच्या वेबसाईट बनवून देते, मंगल कार्यालय, क्लासेस, कोकणातले होमस्टे अशा. त्यामुळे ही साईट मोबाईलवर कशी दिसेल हा प्रश्न माझ्यासाठी रोजचा, कारण माझ्या क्लायंटचं गिऱ्हाईक लॅपटॉप उघडून मंगल कार्यालय शोधत नाही, ते लग्नाच्या याद्यांच्या गडबडीत मोबाईलवर बघतं आणि दहा सेकंदात पुढे जातं. गेलं वर्षभर मी हे तपासायला जे जे वापरलं त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मुख्य रिव्ह्यू क्रोम आणि फायरफॉक्समधल्या त्या मोबाईलच्या चित्राच्या बटणाचा, म्हणजेच कंट्रोल शिफ्ट एम चा आहे, बाकीच्यांचं ओघात येईल.

आधी एक घडलेलं सांगते म्हणजे मी हे इतकं का मनावर घेतलंय ते कळेल. एका मंगल कार्यालयाची साईट केली, वर हॉलचा मोठा फोटो, त्यावर नाव, खाली एक ओळ आणि मग 'तारीख विचारा' असं बटण. क्रोममध्ये आयफोन बारा प्रो निवडून बघितलं, मस्त, पिक्सेल सेव्हन निवडून बघितलं, मस्त, साईट चालू केली. दुसऱ्या दिवशी मालक काकांचा फोन, "पोरी, ते बटण कुठंय? मला नुसता फोटो नि कार्यालयाचं नाव दिसतंय." मी म्हंटलं काका खाली आहे बघा, ते म्हणाले खाली सरकवलं तर थेट जेवणाच्या हॉलचे फोटो येतात. शेवटी मी गाडी काढून गेले आणि त्यांच्या हातातला फोन बघितला, तर खरंच बटण नव्हतं.

झालं काय होतं तर काकांनी फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले साईझ वाढवून ठेवला होता, चष्मा न लावता वाचता यावं म्हणून. फोन साधाच, ७२० बाय १६०० पिक्सेलचा. असा फोन ब्राउझरला एरवी ३६० रुंदीचा वाटतो (का ते पुढे सांगते), पण डिस्प्ले साईझ वाढवला की तोच फोन ३२० चा होतो. म्हणजे काच तेवढीच, खरे पिक्सेल तेवढेच, पण ब्राउझरच्या हिशोबात जागा कमी. ३२० मध्ये माझं शीर्षक दोन ओळींऐवजी चार ओळींचं झालं, त्यानं बटण खाली ढकललं, आणि फोटोच्या चौकटीला मी ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे चौकटीबाहेर जाईल ते लपव असा नियम, लावलेला असल्यामुळे ते बटण चौकटीबाहेर कापलं गेलं. फोनची काही चूक नाही, माझीच. मी ३२० ला बघितलंच नव्हतं, कारण मी फोनच्या नावांची यादी बघत बसले.

तर आता ते मोबाईलच्या चित्राचं बटण. क्रोममध्ये एफ बारा दाबून डेव्हटूल्स, म्हणजे ब्राउझरमधलीच साईट तपासायची साधनं, उघडायचं आणि मग कंट्रोल शिफ्ट एम, क्रोम याला डिव्हाइस मोड म्हणतो, फायरफॉक्समध्ये डेव्हटूल्स न उघडताही थेट कंट्रोल शिफ्ट एम चालतं. फायरफॉक्समध्ये ही सोय २०१२ पासून आहे, पंधराव्या आवृत्तीत आली. नवीन शिकणारी बरीच मुलं ब्राउझरची खिडकीच माउसने ओढून बारीक करतात, पण कॉम्प्युटरवर क्रोमची खिडकी साधारण ५०० पिक्सेलच्या खाली जातच नाही, आणि खरी अडचण सुरूच होते ती ५०० च्या खाली, म्हणून हे बटण शिकून घ्या.

क्रोममध्ये वर फोनची यादी येते, आयफोन एसई ३७५ बाय ६६७, आयफोन बारा प्रो ३९० बाय ८४४, पिक्सेल सेव्हन ४१२ बाय ९१५, आयपॅड मिनी ७६८ बाय १०२४, घडीचा गॅलेक्सी सुद्धा आहे तो मिटलेला असताना ३४४. लोकांचा पहिला गोंधळ इथेच होतो, की अरे माझ्या फोनच्या खोक्यावर तर १०८० बाय २४०० लिहिलंय मग इथे ४१२ कसं. खोक्यावरचे ते काचेवरचे खरे ठिपके, आणि इथे दिसतात ते सीएसएसचे (साईट कशी दिसावी याचे नियम लिहायची भाषा) पिक्सेल, म्हणजे ब्राउझर मांडणी करताना जे माप धरतो ते. २०१० साली आयफोन चार आला तेव्हा खरे पिक्सेल ३२० बाय ४८० वरून ६४० बाय ९६० झाले, दुप्पट, पण वेबसाईटला रुंदी ३२० च दिसत राहिली, नाहीतर सगळ्या साईट एका रात्रीत मुंगीएवढ्या झाल्या असत्या. तेव्हापासून हे दोन हिशोब वेगळे चालतात. म्हणून क्लायंट जेव्हा विचारतो की सगळ्या रिझोल्युशनला चेक केलं का, तेव्हा मी त्याला सांगते की रिझोल्युशन नाही, रुंदी चेक केली, आणि काकांच्या प्रकरणानंतर उंची पण.

माझं स्पष्ट मत असं की ती फोनची यादी बाजूला ठेवा आणि सगळ्यात वरचा 'रिस्पॉन्सिव्ह' हा पर्याय निवडा. मग पानाच्या उजव्या कडेला एक दांडी येते, ती धरून ३२० वर न्यायची आणि हळू हळू, अगदी हळू, १४०० पर्यंत ओढत जायचं आणि नजर पानावर ठेवायची. कुठेतरी ६३० ला मेनूतला शेवटचा शब्द खाली घसरतो, कुठेतरी ७८० ला तीन कार्ड एका रांगेत येतात पण इतकी चिंचोळी की एका ओळीत दोनच शब्द बसतात. या जागा कुठल्याही फोनच्या नावाखाली सापडत नाहीत, त्या ४१२ आणि १०२४ च्या मधल्या मोकळ्या रानात असतात आणि तिथेच कोणीतरी टॅब आडवा धरून बसलेला असतो किंवा अर्ध्या स्क्रीनवर एक्सेल आणि अर्ध्या स्क्रीनवर तुमची साईट लावून बसलेला असतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मला आजपर्यंत सापडलेल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त या ओढण्यातच सापडल्यात.

क्रोमच्या त्या पट्टीवर तीन ठिपक्यांचा मेनू आहे, त्यात 'शो मीडिया क्वेरीज' चालू करा. वर रंगीत पट्ट्या येतात, निळ्या, हिरव्या, केशरी, तुमच्या सीएसएसमध्ये कुठल्या कुठल्या रुंदीला नियम बदलतात ते दाखवणाऱ्या, पट्टीवर क्लिक केलं की पान त्या रुंदीवर जातं. दुसऱ्याने केलेली जुनी साईट दुरुस्तीला येते तेव्हा हे फार कामाचं, एका नजरेत कळतं की आधीच्या माणसाने किती ठिकाणी ठिगळं लावलीत. त्याच मेनूत पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्यायची सोय आहे, क्लायंटला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला तीच वापरते. आणि एक बारीक गोष्ट, वर झूमचं प्रमाण लिहिलेलं असतं, ५० टक्के वगैरे, लॅपटॉप लहान असेल तर क्रोम आपोआप कमी करतो, तर अक्षर वाचता येतं का हे ठरवताना आधी ते १०० वर आणा.

फायरफॉक्सकडे एक गोष्ट आहे जी मला क्रोमपेक्षा जास्त आवडते. पान आडवं सरकायला लागलं, म्हणजे उजवीकडे पांढरी पट्टी येते आणि बोटाने सगळं पान डावी उजवीकडे हलतं, हा मोबाईल साईटचा सगळ्यात कॉमन आजार. कारण शोधायला मी पूर्वी एकेक घटक डिलीट करून बघायचे. फायरफॉक्सच्या इन्स्पेक्टरमध्ये, जिथे पानाच्या सगळ्या घटकांची यादी दिसते, अशा घटकापुढे 'स्क्रोल' असा छोटा बिल्ला येतो, त्याच्यावर क्लिक केलं की कोण बाहेर येतंय ते तो दाखवतो, त्या गुन्हेगारापुढे 'ओव्हरफ्लो' लिहून. बहुतेक वेळा तो एखादा ठराविक रुंदी दिलेला फोटो असतो किंवा गुगल मॅपची चौकट किंवा दरपत्रकाचा तक्ता. एवढ्यासाठी मी फायरफॉक्स कायम उघडा ठेवते. आणि कृपा करून बॉडीला, म्हणजे अख्ख्या पानाला, ओव्हरफ्लो हिडन लावून तो आजार झाकू नका, सरकणं बंद होतं पण बाहेर गेलेलं बटण माणसाला कधीच सापडत नाही.

आता या साधनाला काय जमत नाही ते, कारण खरा रिव्ह्यू इथेच आहे. क्रोमवाल्यांनी स्वतःच्या माहितीत लिहून ठेवलंय की हा मोबाईलचा ढोबळ अंदाज आहे, खरा मोबाईल नाही, आणि ते शब्दशः खरं आहे.

पहिली गोष्ट उंची. आयफोन बारा प्रो निवडला की तुम्हाला ८४४ उंची पूर्ण मिळते, पण खऱ्या फोनवर त्यातून वरची घड्याळ बॅटरीची पट्टी जाते, पत्त्याची पट्टी जाते, खालची बटणांची पट्टी जाते, म्हणजे पान उघडल्या क्षणी माणसाला दिसते ती जागा बरीच कमी. त्यात १०० व्हीएच, म्हणजे स्क्रीनच्या उंचीच्या शंभर टक्के, लिहून पूर्ण स्क्रीनचा फोटो लावला की मोबाईल ब्राउझर ती उंची पत्त्याची पट्टी लपलेली आहे असं धरून मोजतो, सुरुवातीला पट्टी असतेच, मग खालचा भाग स्क्रीनच्या बाहेर. यावर २०२२ मध्ये सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये नवीन मापं आली, एसव्हीएच (पट्टी दिसत असतानाची उंची) आणि डीव्हीएच (पट्टी आत बाहेर होईल तशी बदलणारी), मी आता वरच्या फोटोला १०० एसव्हीएच देते आणि तेही किमान उंची म्हणून, पक्की उंची म्हणून नाही, म्हणजे मजकूर वाढला तर चौकट वाढते, बटण कापलं जात नाही. पण फरक लॅपटॉपवर दिसत नाही, तिथे पत्त्याची पट्टी आत बाहेर होतच नाही.

दुसरी गोष्ट फॉन्ट, आणि ही आपल्या मराठीवाल्यांसाठी फार महत्त्वाची. तुम्ही यादीतून कुठलाही फोन निवडा, अक्षरं येतात ती तुमच्या लॅपटॉपच्या फॉन्टमधून. विंडोजवर वेगळा फॉन्ट न दिल्यास देवनागरी निर्मला यूआय मध्ये दिसतं, अँड्रॉइडवर साधारण नोटो सान्स देवनागरी असतो, आयफोनवर कोहिनूर देवनागरी. तिन्हींची रुंदी वेगळी, मात्रांची उंची वेगळी. माझ्याकडे नीट बसलेली ओळ क्लायंटच्या फोनवर दोन ओळी होते ती यामुळे. म्हणून मी साईटसोबतच फॉन्ट देते, मुक्त हा मुंबईच्या एक टाइपचा फॉन्ट मला आवडतो, फुकट आहे आणि मोबाईलवर वाचायला स्वच्छ आहे. तरीसुद्धा फॉन्ट उतरेपर्यंत पहिले काही क्षण फोनचाच फॉन्ट दिसतो हे लक्षात ठेवा.

आणि देवनागरीचं बोलतेच आहे तर हे पण लिहिते, कारण इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये हे कोणी सांगत नाही. इंग्रजी डमी मजकूर टाकून टेस्ट करू नका. ओळींमधलं अंतर १.२ ठेवलं की इंग्रजी ठीक दिसतं पण 'मार्केटिंग' मधला रफार किंवा 'कुटुंब' मधले उकार वरच्या खालच्या ओळीला भिडतात, आणि दोन ओळींवर कापायची सेटिंग लावली असेल तर खालच्या ओळीचे उकार सरळ कापले जातात. मी १.६ च्या खाली जात नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह होतो कधी कधी, स्टाईल म्हणून, तर तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि वाचणाऱ्याला दातात खडा आल्यासारखं होतं. आणि आपले शब्द लांब, 'महानगरपालिकेच्या' सारखा शब्द मोठ्या शीर्षकात ३२० ला टाकून बघा, तो मावत नाही आणि पूर्ण पान रुंद करून टाकतो. शीर्षकाचा आकार स्क्रीनप्रमाणे लहान मोठा होईल असा द्या आणि शब्द तोडायची परवानगी फक्त शेवटचा उपाय म्हणून द्या.

तिसरी गोष्ट इंजिन, म्हणजे ब्राउझरचा पान मांडणारा आतला भाग. यादीत आयफोन लिहिलंय म्हणून तो आयफोन होत नाही, आत क्रोमचंच इंजिन चालू असतं, फक्त माप आणि ओळख बदललेली असते. आयफोनवर सफारीचं वेबकिट चालतं, आणि आपल्याकडे तर आयफोनवर क्रोम टाकला तरी आत वेबकिटच असतं. फरक कुठे पडतो, तर उदाहरण सांगते, फॉर्ममधल्या रकान्याची अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर आयफोनची सफारी रकान्यात बोट ठेवल्या ठेवल्या पान मोठं करते, माणूस नाव टाईप करतो आणि मग त्याला पुढचा रकानाच दिसत नाही. हे क्रोमच्या डिव्हाइस मोडमध्ये कधीच दिसणार नाही. कीबोर्ड वर आल्यावर खाली चिकटवलेलं बटण कुठे जातं हे पण नाही दिसणार, तिथे कीबोर्ड येतच नाही.

मग याच्यापुढे काय. रिस्पॉन्सिव्हली म्हणून एक फुकट ओपन सोर्स ॲप आहे, पाच सहा फोन शेजारी शेजारी दिसतात, एकात सरकवलं की सगळ्यात सरकतं, एकात मेनू उघडला की सगळ्यात. पटकन नजर फिरवायला छान, पण आत इंजिन क्रोमियमचंच, म्हणजे क्रोम ज्यावर बनलाय तेच, त्यामुळे वरचं सगळं इथेही लागू, आणि एका वेळी इतकी पानं चालवायची तर लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्यापैकी हवी.

खरा आयफोन हवा आणि तो घरात नाही, तर ब्राउझरस्टॅक. मुंबईत २०११ मध्ये रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांनी सुरू केलेली कंपनी, जगभर वापरतात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. तिथे खरे फोन एका जागी ठेवलेले असतात आणि तुम्ही तुमच्या ब्राउझरमधून ते चालवता, म्हणजे खरी सफारी, खरा कीबोर्ड, खरी पत्त्याची पट्टी. अजून चालू न केलेली, तुमच्या लॅपटॉपवरची साईट सुद्धा त्यात उघडता येते. पैसे लागतात, एकट्या माणसाला दर महिन्याला परवडेलच असं नाही, फ्री ट्रायलमध्ये मोजकीच मिनिटं मिळतात. मी असं करते की सगळं काम संपवून, काय काय बघायचं त्याची यादी कागदावर लिहूनच ट्रायल उघडते, आणि मोठं काम असेल तर एक महिन्याचं घेते आणि तो खर्च कोटेशनमध्ये आधीच धरते. चित्र नेटवरून येतं त्यामुळे बोटाला पान किती चपळ वाटतं हे मात्र त्यावरून ठरवू नका.

आणि घरातला फोन. हे सगळ्यात स्वस्त आणि मी सांगते सगळ्यात चांगलं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारायची, डेव्हलपर ऑप्शन येतं, त्यात यूएसबी डीबगिंग चालू करायचं, केबल लावायची आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत chrome://inspect टाकून इन्स्पेक्टचं पान उघडायचं. फोनवर उघडलेलं पान लॅपटॉपवरून तपासता येतं, रंग बदलला की हातातल्या फोनवर लगेच बदलतो. मी एक जुना, काच तडकलेला अँड्रॉइड यासाठीच ठेवलाय, त्यावर डिस्प्ले साईझ कायम सगळ्यात मोठा. उन्हात गच्चीवर नेऊन पण बघते, फिकट राखाडी अक्षरं तिथे दिसेनाशी होतात.

मोबाईलबद्दल एवढं झालं पण लॅपटॉपकडे दुर्लक्ष नको. ऑफिसातले कितीतरी जुने कॉम्प्युटर अजून १३६६ बाय ७६८ आहेत, ब्राउझरच्या पट्ट्या आणि टास्कबार वजा जाता उंची उरते सहाशेच्या आसपास. नवीन लॅपटॉप १९२० बाय १०८० म्हणून विकतात पण विंडोज बहुतेक वेळा १२५ टक्के लावूनच येतं, म्हणजे साईटला मिळतात १५३६ बाय ८६४. उंच पॉपअप केला की बंद करायचं बटण वर किंवा खाली गायब. रिस्पॉन्सिव्हमध्ये १३६६ बाय ६०० टाका आणि सगळे पॉपअप उघडून बघा, दोन मिनिटं लागतात. आणि १२८० रुंदीच्या खिडकीत कंट्रोल प्लस दाबून ४०० टक्के झूम केलं की साईटला तीच ३२० रुंदी मिळते, कमी दिसणारी माणसं तशीच वाचतात, वेबच्या सुलभतेचे जे नियम आहेत त्यातही हीच ३२० धरलीय. म्हणजे काकांचं काम केलं की यांचं पण होतं.

मार्क द्यायचे तर रोजच्या कामाला कंट्रोल शिफ्ट एम ला पाचपैकी चार, तो एक मार्क 'हा फोन आहे' असं वाटायला लावणाऱ्या त्या यादीचा कापते. रिस्पॉन्सिव्हलीला साडेतीन. ब्राउझरस्टॅकला साडेचार, ज्याला परवडेल त्याने जरूर घ्यावं.

आता मी एक वेगळी गोष्ट सुरू केलीय. माझ्या साईटवर एक साधं पान टाकलंय, ते उघडलं की मोठ्या अक्षरात फक्त तीन आकडे येतात, रुंदी, उंची आणि एका पिक्सेलमागे खरे ठिपके किती. कोटेशन द्यायच्या आधी क्लायंटला लिंक पाठवते आणि सांगते घरच्या सगळ्यांच्या फोनवर उघडा, आजी आजोबांच्या पण, आणि स्क्रीनशॉट पाठवा. काकांचा आला होता ३२०, खाली २.२५. परवा एका होमस्टेवाल्या ताईंनी सहा पाठवले, ३६०, ३६०, ३९३, ४१२, ३८४ आणि त्यांच्या सासूबाईंचा ३२०.

सासूबाईंचाच फोन बुकिंगसाठी दिलेला आहे म्हणे.